दाढ काढताना विचारायचा एक प्रश्न

दाढ काढायची वेळ आली की आपण डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारतो: दुखेल का, आणि किती घ्याल? मुलाचा दात असता तर दहा प्रश्न विचारले असते. स्वतःची दाढ म्हटली की "काढा एकदाची" म्हणून खुर्चीत जाऊन बसतो. पुढे ती फट गालाआड असते, कुणाला दिसत नाही. मग "दिवाळी होऊ दे", "मुलीची परीक्षा होऊ दे" करता करता दोन वर्षं निघून जातात.

हल्ली मात्र दात काढतानाच पुष्कळ डॉक्टर विचारतात, "खळग्यात बोन ग्राफ्ट भरायचा का?" तोंडात कापूस, हिरडी बधिर, अशा वेळी काय उत्तर देणार! म्हणून ते काय प्रकरण आहे ते आधीच समजून घेतलेलं बरं.

दात ज्या हाडात रोवलेला असतो ते हाड दातासाठीच घडलेलं असतं. दात गेला की शरीराला त्याची गरज उरत नाही आणि ते झिजू लागतं. ओठाच्या आणि गालाच्या बाजूची भिंत मुळातच पातळ. पुढच्या दातांपाशी तर ती बहुधा एक मिलिमीटरसुद्धा जाड नसते, म्हणून तीच आधी खचते. डेन्मार्कमध्ये ४६ जणांच्या काढलेल्या दाढांची जागा वर्षभर मोजली होती. तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात जबड्याच्या त्या भागाची रुंदी जवळजवळ निम्म्यावर आली, आणि त्यातली दोन तृतीयांश झीज पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. म्हणजे आपली दिवाळी यायच्या आत! म्हाताऱ्या माणसांची कवळी दर काही वर्षांनी सैल का होते, गाल का बसतात, याचं कारण बरंचसं इथेच आहे. पुढे इम्प्लांट बसवायचं ठरलं, तर तो स्क्रू रोवायला हाडच पुरेसं नसतं.

ग्राफ्ट म्हणजे त्या रिकाम्या खळग्यात भरायची बारीक, रवाळ भुकटी. तोंडल्याच्या वेलाला आपण मांडव घालून देतो तसंच हे. भुकटीच्या कणांच्या आधाराने आपलं नवं हाड आत चढत येतं. वर बहुतेक वेळा एक पातळ पडदा ठेवून टाके घालतात. याने झीज कमी होते, पण पूर्ण थांबत नाही. तसं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता खरा प्रश्न: ती भुकटी कशाची? तो आपण विचारत नाही आणि पुष्कळदा डॉक्टरही आपणहून सांगत नाहीत. पहिला प्रकार आपल्याच हाडाचा, हनुवटीतून किंवा जबड्याच्या मागच्या भागातून काढलेला. हाड आपलंच, पण दुसरी जखम होते. एका दातासाठी एवढा खटाटोप सहसा कुणी करत नाही. दुसरा प्रकार दुसऱ्या माणसाने दान केलेल्या हाडाचा. ते तपासून, निर्जंतुक करून टिश्यू बँकेत ठेवतात. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये अशी बँक १९८८ साली सुरू झाली. तिथे गॅमा किरणांनी निर्जंतुकीकरण होतं.

तिसरा प्रकार जनावराच्या हाडाचा, बहुधा गाईच्या, काही वेळा डुकराच्या. गाईच्या हाडातली प्रथिनं उष्णतेने आणि रसायनांनी काढून टाकतात, नुसता खनिज सांगाडा उरतो. तो फार सावकाश विरघळतो, म्हणून जागा चांगली धरून ठेवतो. डॉक्टरांच्या तो आवडीचा आहे. पण आपल्याकडे कितीतरी घरांत हे कळलं तर सासूबाईच काय, आपण स्वतःही दोनदा विचार करू. वरचा पडदाही अनेकदा जनावराच्या कोलॅजनचा असतो, तेव्हा त्याचीही चौकशी करा. कुणाला यात काही वावगं वाटणार नाही, कुणाला वाटेल. माझं म्हणणं एवढंच, की तोंड आपलं आहे, तेव्हा ठरवायचंही आपणच. नंतर कळून मनाला लागून राहण्यापेक्षा आधी विचारलेलं काय वाईट?

चौथा प्रकार कृत्रिम. कॅल्शियम आणि फॉस्फेटचे क्षार, नाहीतर बायोॲक्टिव्ह काच. ही काच अमेरिकेत लॅरी हेंच यांनी १९६९ साली तयार केली. गंमत म्हणजे आपलं गणपतीचं प्लास्टर, त्याचाच शुद्ध वैद्यकीय प्रकार, जर्मनीत ड्रीसमान नावाच्या डॉक्टरांनी हाडाच्या पोकळीत १८९२ सालीच भरला होता! पोवळ्यापासूनही ग्राफ्ट करतात. काही ठिकाणी तर आपलाच काढलेला दात स्वच्छ करून, दळून परत भरतात. शाकाहारी घरांना कृत्रिम भुकटीचा मार्ग मोकळा आहे. या सगळ्यांत एकच एक श्रेष्ठ, असं काही ठरलेलं नाही.

सगळ्यांनाच ग्राफ्ट लागतो असंही नाही. अक्कलदाढ काढली तर तिथे पुन्हा दात बसवायचा नसतो, मग खर्च कशाला? पुढचा दात असेल किंवा पुढे इम्प्लांटचा विचार असेल, तर मात्र जरूर विचार करावा. ग्राफ्टनंतर इम्प्लांटसाठी साधारण चार ते सहा महिने थांबावं लागतं. पैशांची जुळवाजुळव करायला तेवढा अवधी मिळतो, हेही खरं!

मधुमेह असेल, दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना आधी सांगा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून ॲलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी किंवा झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन चालू असेल तर ते नक्कीच सांगा. या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याची जखम भरत नाही. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका. आणि मिश्री लावत असाल तर लाजून लपवू नका. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो.

घरी आल्यावर पहिला दिवस चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका. लवंगेचं तेल, हळद खळग्यात घालायची नाही, मग कुणी कितीही आग्रह करो. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच तोंड खळाळा. गार ताक, मऊ वरणभात खा. चुरमुरे, शेंगदाण्याचा कूट, खसखस काही दिवस दूर ठेवा. भुकटीचे दोनचार कण जिभेला लागले तर घाबरू नका. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, पू आला, ताप भरला, तर टाके काढायच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.