लाल बावट्याचा धाराशिवी उतार

युरोपातील कम्युनिस्ट पक्षांच्या उदयास्ताचे आपल्या साहित्यवर्तुळाला मोठे आकर्षण आहे. १९७६ मध्ये ३४ टक्क्यांहून अधिक मते मिळवणारा इटलीचा पक्ष १९९१ मध्ये स्वतःच विसर्जित होतो, यात शोकांतिकेचा आयता घाट सापडतो. धाराशिव जिल्ह्यातील शेतकरी कामगार पक्षाच्या कथेला मात्र असा घाट नाही. म्हणूनच, आम्हांस वाटते, ती कोणी वाचत नाही.

हा पक्ष काँग्रेसमधून फुटून निघाला. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने त्याने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला, तरी तो कम्युनिस्ट पक्षात विलीन झाला नाही. संस्थापकांपैकी केशवराव जेधे १९५४ मध्ये काँग्रेसमध्ये परतले. मराठवाड्यात मात्र पक्षाने मूळ धरले, कारण निजामाविरुद्धच्या लढ्यात घडलेले कार्यकर्ते त्याला मिळाले. भाई उद्धवराव पाटील हे त्यांतले अग्रणी. 'कॉम्रेड'च्या जागी 'भाई' हे संबोधन रुजले, ही भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावी अशी गोष्ट आहे. १९७७ मध्ये उद्धवराव लातूरमधून लोकसभेवर गेले, तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. त्या वर्षी महाराष्ट्रात पक्षाचे पाच खासदार होते.

मग उतार कशाने लागला? सोव्हिएत संघाच्या विघटनाने, असे म्हणून आपण सुटका करून घेतो. पण ते विघटन १९९१ चे, आणि १९९५ मध्ये तुळजापूरने शेकापचेच माणिकराव खपले निवडून दिले! आमच्या मते खरे कारण बांधावर शोधायला हवे. या पक्षाचा कणा जमीनधारक कुणबी-मराठा शेतकरी होता. सहकारी साखर कारखान्याचा सभासद झाल्यावर ऊसबिल, कर्ज आणि मुलाची नोकरी यांची वाट काँग्रेसच्या दारातून जाऊ लागली, आणि तो शेतकरी त्या वाटेने गेला. दुष्काळात डाव्या पक्षांनी लावून धरलेली रोजगाराची मागणी १९७७ च्या कायद्यात आली, श्रेय सरकारकडे गेले. राहिला भूमिहीन शेतमजूर. तो बहुधा दलित. पक्षाच्या नावातला 'कामगार' या जिल्ह्यात तोच असायला हवा होता, पण नेतृत्वाच्या ओसरीवर त्याला बरोबरीची जागा मिळाली नाही. हा दोष बाहेरच्या कोणाचा नव्हे.

१९६७ मध्ये विधानसभेत १९ जागा असलेल्या पक्षाकडे २०२४ मध्ये एक उरली, तीही सांगोल्याची.

आमचे विद्यार्थी कोसलरच्या कादंबरीवर प्रबंधिका लिहितात, जरूर लिहावी. पण मोर्च्याची पत्रके, जुन्या भाईंच्या वह्या, सभांच्या जाहिराती अजून इथल्या वाड्यांतल्या ट्रंकांत पडून असतील. त्या ट्रंका उघडण्यापूर्वी शेतमजुराच्या घरीही एकदा जाऊन विचारावे, की त्या सभांना तो कुठे बसत असे.