माहिती सातबाऱ्याला, विष मजुराला

गावात कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही. औषध म्हणतात. "उद्या औषध मारायला ये" असा निरोप वस्तीवर येतो आणि माणूस सकाळी पंप पाठीला लावून उभा राहतो. जहाल विषाच्या डब्यावर कवटी आणि हाडं छापलेली असतात, तरी ते औषधच. ज्याचं पीक वाचतं त्याच्या बाजूने पाहिलं तर तो शब्द बरोबरही आहे. ज्याच्या पाठीवर ते गळतं त्याला नाव ठेवायची पाळी आलीच नाही.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं मेली आणि शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, दमट उकाडा होता, दोन-तीन औषधं एका टाकीत मिसळून मारली जात होती. वरच्या दिशेने मारलेला फवारा तोंडावर, छातीवर परत येत होता. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली, जनजागृतीचे फलक लागले. आणि मग नेहमीचं वाक्य ऐकू आलं: शेतकऱ्यांमध्ये अज्ञान आहे, त्यांच्यापर्यंत माहिती पोहोचवली पाहिजे.

माझा प्रश्न या वाक्यातल्या 'शेतकऱ्यां'विषयी आहे. मरणाऱ्यांत अल्पभूधारक होते तसे शेतमजूरही होते. मजुराला अज्ञानी म्हणण्याआधी हे तपासा की त्याला माहिती द्यायची व्यवस्था या राज्यात कधी होती का.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली झालेल्या नियमांप्रमाणे प्रत्येक डब्यासोबत माहितीपत्रक द्यावं लागतं. ते हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत असावं लागतं. डब्यावर रंगाचा चौकोन असतो: लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. विषबाधा झाली तर काय करावं, उतारा कोणता, हे पत्रकात असतं. कागदावर सगळं आहे. पण डबा विकत घेतो मालक. पत्रक मालकाच्या पिशवीत येतं, तिथून ओसरीवर किंवा बांधावर जातं. शेतात औषध कालवून ठेवलेलं असतं आणि मजुराच्या हातात येतो फक्त भरलेला पंप. बऱ्याच ठिकाणी मजुरी पंपावर ठरते, म्हणजे जितके पंप तितके पैसे. मग ऊन वाढलं, वारा फिरला, नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकून साफ करायचं आणि पुढची ओळ धरायची. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्यावर दवाखान्यात डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो: कोणतं औषध होतं? त्याला माहीत नसतं. त्या एका नावावर उपचार अवलंबून असतात.

बाईचं तर पंपाएवढंही नाव होत नाही. फवारणीसाठी विहिरीवरून पाणी ती आणते, टाकीत ओतते, फवारलेल्या शेतात दुसऱ्या दिवशी खुरपायला तीच बसते. रिकामा डबा धुऊन घरात वापरायला नेला तर तिला कुणी अडवत नाही. फवारणीनंतर किती दिवस शेतात शिरू नये, हे तिला कोण सांगणार? कृषी विभागाच्या कुठल्याही यादीत ती नाही.

आता या यादीकडे येऊ. आपल्याकडे शेतकरी म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा आहे तो. राबणारा कोण, हे त्यावरून कळत नाही. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार रुपये जमीनधारक कुटुंबाला. महाडीबीटीवर अर्ज करायचा तर सातबारा आणि आठ-अ. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने असलेल्या अपघात अनुदान योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा धरलेली आहे, पण लाभ खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीला. म्हणजे मालक स्वतः फवारताना मेला तर दोन लाख, त्याच्याच शेतात, त्याच पंपाने मजूर मेला तर या योजनेत काही नाही. आता अ‍ॅग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक आला आहे. तोही जमिनीच्या नोंदीला जोडलेला. पुढे हवामानाचा सल्ला, किडीचा इशारा, विमा, अनुदान सगळं त्या क्रमांकावरून जाणार, असं मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं. ज्याला क्रमांकच नाही त्याच्याविषयी एक ओळ नाही.

आणि असे लोक थोडे नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात शेती करणारे ११ कोटी ८८ लाख आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लाख नोंदले गेले. अनुसूचित जातींतल्या काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के शेतमजूर आहेत, शेती करणारे १५ टक्क्यांच्या आसपास. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महिलांच्या नावे असलेली वहिवाट खाती जेमतेम १४ टक्के आहेत. म्हणजे आपली कृषी माहिती यंत्रणा शेतात हात घालणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसांना शेतीतली माणसं मानतच नाही.

सगळेच मजूर बौद्ध, मातंग नसतात, हे मला माहीत आहे. यवतमाळमध्ये कोलाम जातात, गोंड जातात, दोन एकरवाला कुणबीही सवड मिळाली की दुसऱ्याच्या शेतात जातो. पण जमीन कुणाकडे आली आणि कुणाकडे आली नाही, हे जातीने ठरलं. गावच्या शिवाराच्या हद्दीवरून भांडण झालं की जुन्या काळी महाराची साक्ष प्रमाण मानत. कुणाचा बांध कुठून कुठे जातो हे त्याला पाठ होतं. जमिनीची सगळी माहिती त्याच्याकडे होती, जमीन नव्हती. आज त्याच्या नातवाला सांगतात की तुझ्याकडे जमीन नाही, तेव्हा माहितीचंही तुला काय काम!

मराठवाड्यात गायरान कसणाऱ्यांची गोष्ट याहून विचित्र आहे. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४-६५ च्या भूमिहीन सत्याग्रहांपासून हा लढा चालू आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला, तरी असंख्य कुटुंबं आजही इतर हक्कात नाही आणि कब्जेदार सदरातही नाहीत. ते कापूस पिकवतात, तूर पिकवतात. बोंडअळी त्यांच्याही कपाशीवर येते, तिला सातबारा लागत नाही. पण प्रात्यक्षिकाचा प्लॉट त्यांच्या शेतात होत नाही, पंचनामा होत नाही, बियाण्याचं अनुदान नाही. बटईने, मक्त्याने करणाऱ्यांचं तेच. कूळ कायद्याच्या भीतीने मालक करार लिहून देत नाही, तोंडी व्यवहार होतो, आणि तोंडी व्यवहार करणारा सरकारदरबारी अस्तित्वातच नसतो. बाबासाहेबांच्या नावाची कृषी स्वावलंबन योजना अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांसाठीच आहे, तरी विहिरीसाठी स्वतःच्या नावावर किमान ०.४० हेक्टर जमीन लागते!

मग या लोकांना माहिती कुठून मिळते? दुकानातून. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००३ साली शेतकरी कुटुंबांना विचारलं होतं की नव्या तंत्राची माहिती कुठून घेता. शंभरातल्या साठ कुटुंबांना कुठूनच मिळत नव्हती. बी-औषधं विकणाऱ्याकडून घेणारे तेरा, सरकारी विस्तार कर्मचाऱ्याकडून घेणारे सहासुद्धा नव्हते. आणि त्या पाहणीत शेतकरी कुटुंब म्हणजे काही ना काही जमीन ताब्यात असलेलं कुटुंब. भूमिहीन मजुराला प्रश्नच विचारला नव्हता. त्याच वर्षी सरकारने कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी वर्षभराची पदविका सुरू केली, म्हणजे दुकानदारच विस्तार कार्यकर्ता व्हावा. ज्याला जास्त डबे विकून जास्त नफा होतो त्यालाच 'किती मारू?' हे विचारायचं. यात दुकानदार वाईट आहे असं मी म्हणत नाही, तो धंदा करतो. वाईट आहे ती त्याच्या गल्ल्यावर सल्ल्याचं काम टाकून मोकळी झालेली व्यवस्था.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं की आता मोबाईल सगळ्यांकडे आहे, माहितीला जात नसते. किसान कॉल सेंटर २००४ पासून चालू आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलतात, सातबारा मागत नाहीत. हे खरं आहे आणि चांगलंही आहे. पण फोनवर विचारायला प्रश्न लागतो. औषधाचं नाव माहीत नसलेला सालगडी काय विचारेल? आणि उत्तर मिळालं समजा, की भर उन्हात फवारू नका, हातमोजे घाला, तर मालकाला तो हे सांगू शकतो का? उद्या दुसरा माणूस बोलावला जाईल. म्हणून माहिती एकट्याला देऊन भागत नाही. ती चारचौघांत, मालकाच्या देखत, सरकारी माणसाच्या तोंडून सांगितली गेली तरच मजुराच्या 'नाही'ला वजन येतं.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचं शिक्षण द्या, प्रदर्शनं भरवा, बक्षिसं द्या, असं सुचवलं होतं. प्रदर्शनं आज गावोगाव भरतात, त्यात ट्रॅक्टर कंपन्यांचे मांडव असतात. बाबासाहेबांनी १९१८ च्या लहान धारणक्षेत्रांवरच्या निबंधात जमिनीच्या तुकड्याच्या आकारापेक्षा त्याला किती भांडवल आणि साधनं जोडली आहेत ते पाहा, असं मांडलं. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर जमीन जातीचा भेद न करता कसायला द्यावी आणि पाणी, अवजारं, बियाणं सरकारने पुरवावं, अशी योजना आहे. त्यात कसणारा हाच केंद्र होता. आजच्या काळात कीड ओळखण्याचं ज्ञान हेही साधनच आहे. गुलाबी बोंडअळीची पहिली खूण म्हणजे डोमकळी, न उमललेलं गुलाबासारखं फूल. ती ओळीतून चालणाऱ्या खुरपणाऱ्या बाईला बांधावरच्या मालकाच्या आधी दिसते. तिला शेतीशाळेत बसवलं तर मालकाचाही एक फवारा वाचेल. हे साधं गणितही जातीच्या चष्म्यातून दिसत नाही.

मागण्या फार मोठ्या नाहीत. शेतीशाळा आणि फवारणीचं प्रशिक्षण पाटलाच्या वाड्यासमोर न घेता बौद्धवाड्यातल्या विहारात, समाजमंदिरात, पारधी बेड्यावर घ्या. मजुरीचा दिवस बुडू नये म्हणून संध्याकाळी घ्या, नाहीतर दिवसाची मजुरी द्या. ग्रामपंचायतीत कसणाऱ्यांची आणि फवारणाऱ्यांची वेगळी नोंद ठेवा, तिला जमिनीची अट नको. अपघात अनुदानात मजूर आणा. फवारणीच्या दिवशी डब्याचं पत्रक मजुराच्या खिशात असलं पाहिजे, ही मालकाची जबाबदारी ठरवा.

१ मेच्या ग्रामसभेला खरीप महिन्यावर आलेला असतो. त्या दिवशी कामगार दिनही असतो. आपल्या कार्यकर्त्यांनी एवढा एक ठराव लिहून न्यावा: गावातल्या दुकानात विकल्या जाणाऱ्या लाल आणि पिवळ्या चौकोनाच्या औषधांची नावं, त्यांची लक्षणं आणि जवळच्या कोणत्या दवाखान्यात उतारा मिळतो, हे कृषी सहायकाने सभेत मोठ्याने वाचून दाखवावं आणि यादी विहाराच्या भिंतीवर लावावी. ग्रामसेवक म्हणेल की हा विषय अजेंड्यावर नाही. म्हणून ठराव आठ दिवस आधी लेखी द्या आणि पोच घ्या.