सागरी अभयारण्यांचा कारभार : वनसेवेची समुद्रातील कसोटी

डेहराडूनच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वन अकादमीत प्रशिक्षण घेतलेला भारतीय वन सेवेचा अधिकारी कधी जामनगरला, तर कधी रामनाथपुरमला रुजू होतो, तेव्हा त्याच्या अखत्यारीत साग-सालाचे वन नसते. प्रवाळ, समुद्री गवत, डुगाँग, समुद्रकाकडी आणि या सर्वांच्या सान्निध्यात पिढ्यानपिढ्या जाळे टाकणारे मच्छीमार, हे त्याचे नवे कार्यक्षेत्र असते. 2030 पर्यंत जगातील 30 टक्के भूभाग आणि 30 टक्के समुद्र संरक्षणाखाली आणण्याचे उद्दिष्ट डिसेंबर 2022 मध्ये कुनमिंग-मॉन्ट्रियल जैवविविधता आराखड्यात निश्चित झाले. भारतही त्यात सहभागी आहे. त्यामुळे नकाशावर आणखी किती समुद्र रंगवावयाचा, या प्रश्नाइतकाच तो सांभाळणारे मनुष्यबळ कोठून आणावयाचे, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

भारतात समुद्र वन विभागाकडे आला तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या वाटेने. कच्छच्या आखातात 1980 मध्ये सागरी अभयारण्य आणि 1982 मध्ये देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. त्यानंतर 1983 मध्ये अंदमानातील वांडूर, 1986 मध्ये 21 बेटांचे मन्नारचे आखात, 1987 मध्ये महाराष्ट्रातील मालवण आणि 1997 मध्ये ओडिशातील गहिरमाथा यांची भर पडली. कायद्याची अंमलबजावणी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे असल्याने ही क्षेत्रेही ओघानेच वन खात्याकडे गेली. समुद्रासाठी स्वतंत्र सेवा मात्र निर्माण झाली नाही.

जंगलात वनाधिकाऱ्याचा शब्द बहुधा अंतिम असतो. समुद्रात तसे नाही. प्रादेशिक जलधीचा भाग अभयारण्यात घ्यावयाचा असल्यास केंद्राची पूर्वसंमती लागते, हद्द नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांशी विचारविनिमय करून ठरते आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताची पुरेशी काळजी घेणे बंधनकारक असते. अधिसूचना निघाल्यावरही जहाजांचा निरुपद्रवी गमनाचा हक्क अबाधित राहतो. मासेमारीचे नियमन मत्स्यव्यवसाय विभागाकडे, सागरी गस्त तटरक्षक दल व सागरी पोलिसांकडे, तर बंदरे आणखी निराळ्या यंत्रणेकडे असतात. परिणामी सागरी उद्यानाच्या अधिकाऱ्याचा मोठा वेळ आदेश देण्यात नव्हे, तर इतरांचे मन वळविण्यात जातो.

गहिरमाथा हे त्याचे बोलके उदाहरण आहे. तेथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीसाठी 1 नोव्हेंबर ते 31 मे या काळात मासेमारीस बंदी असते. ती राबविताना वन विभागाला तटरक्षक दलाची जहाजे आणि मत्स्यव्यवसाय विभागाचे अधिकार या दोहोंचा आधार घ्यावा लागतो. किनाऱ्यावरील प्रखर प्रकाशाने पिले भरकटतात, म्हणून नजीकचे बंदर व क्षेपणास्त्र चाचणी केंद्र यांच्याकडे दिवे मंद ठेवण्यासाठी पाठपुरावाही करावा लागतो. दुसरीकडे, मासेमारीच्या ऐन हंगामातील सात महिन्यांची झळ लहान मच्छीमाराच्या चुलीपर्यंत पोहोचते.

मन्नारच्या आखातातील पेच वेगळा आहे. बेटांभोवतीच्या पाण्यात बुड्या मारून समुद्री शेवाळ गोळा करणाऱ्या महिलांचा चरितार्थ राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीशी निगडित आहे. समुद्रकाकडीला 2001 मध्ये कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातील संरक्षण मिळाले. मात्र शेजारच्या श्रीलंकेत परवान्यावर तिचे संकलन चालते. त्यामुळे तस्करीला वाट मिळते आणि वनरक्षकाला गुन्हे तपासाचे कामही शिकावे लागते.

महाराष्ट्राला हा धडा मालवणने दिला. अभयारण्याचे क्षेत्र अवघे 29.12 चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ल्याचा परिसर त्यात येतो. घोषणा होताच आपल्या उपजीविकेवर गदा येईल, ही भीती स्थानिक मच्छीमारांत बळावली आणि त्यांचा विरोध अनेक वर्षे टिकला. लोकांचा विश्वास नसेल तर अभयारण्य कागदावरच राहते, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे 2012 मध्ये वन विभागांतर्गत स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. संरक्षित प्राणी जाळ्यात अडकल्यास जाळे कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमारास 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना 2018 मध्ये मत्स्यव्यवसाय विभागाच्या साहाय्याने सुरू झाली. एरवी गुन्हेगार ठरण्याच्या भीतीने गप्प राहणारा मच्छीमार येथे संवर्धनातील भागीदार ठरतो.

कारकीर्द म्हणून या कामाकडे पाहू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी मार्ग रूढच आहेत : संघ लोकसेवा आयोगाची भारतीय वन सेवा परीक्षा, राज्य लोकसेवा आयोगाच्या वनसेवा परीक्षा आणि वनरक्षक भरती. तथापि, यांपैकी कोणताही मार्ग उमेदवाराला समुद्राची हमी देत नाही. अधिकारी भरती-ओहोटी, प्रवाळांचे विरंजन आणि गावोगावच्या मच्छीमार संस्था ओळखू लागतो, तोवर साधारणतः दोन-तीन वर्षांत त्याची बदली होते. नव्याने येणारा अधिकारी पुन्हा प्रारंभापासून शिकतो आणि मच्छीमारांना तोच संवाद पुन्हा आरंभावा लागतो. भारतीय वन्यजीव संस्थेच्या डुगाँग संवर्धन प्रकल्पात वन कर्मचाऱ्यांना स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण देण्यात आले. हे पाऊल योग्यच आहे; परंतु प्रशिक्षित कर्मचारी डोंगराळ परिक्षेत्रात गेला, तर त्या कौशल्याचा समुद्राला उपयोग काय?

ऑस्ट्रेलियाने ग्रेट बॅरियर रीफसाठी 1975 मध्येच कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. भारतातील दाट किनारी वस्ती आणि संघराज्यीय अधिकारविभागणी पाहता तो नमुना येथे जसाच्या तसा लागू होणार नाही. मात्र विद्यमान सेवेतच सागरी उपशाखा निर्माण करणे, किमान पाच वर्षांचा कार्यकाळ देणे, नौकाचालक व पाणबुडे यांची कायम पदे मंजूर करणे आणि मत्स्यव्यवसाय विभागाशी प्रतिनियुक्तीची देवाणघेवाण सुरू करणे, हे उपाय आवाक्यातील आहेत. किनाऱ्यावरील गावांतून आलेल्या तरुणांना या पदांवर प्राधान्य मिळाल्यास पाण्याचे उपजत ज्ञान आणि लोकांचा विश्वास या दोन्ही गोष्टी विभागाला लाभतील.

नव्या सागरी क्षेत्रांच्या घोषणा होण्यापूर्वी ही पदरचना ठरली नाही, तर 30 टक्क्यांचे उद्दिष्ट कागदोपत्री गाठले जाईल. प्रत्यक्ष समुद्रात मात्र एकीकडे अपुऱ्या साधनांनिशी उभा अधिकारी आणि दुसरीकडे साशंक मच्छीमार, हेच चित्र कायम राहील.