राणीच्या बागेत आता वाघ लपतो



शाळांना उन्हाळी सुट्टी लागली की खेड्यातल्या घराघरात पोरांचा एक हट्ट ठरलेला असतो, "आम्हाला मुंबई दाखवा." मुंबईत कुणाचा मामा असतो, कुणाचा चुलता असतो. राहायची सोय होते. मग चौपाटी, महालक्ष्मी आणि राणीची बाग हे तीन मुक्काम झाले की मुंबई पाहिली असे आपण म्हणतो.

आमच्याकडेही तेच झाले. धाकट्या भावाची दोन लेकरे, त्यांची आई आणि मी असे चौघे भायखळ्याला उतरलो. मी ही बाग पहिल्यांदा पाहिली ती वडिलांचे बोट धरून, तिसरी-चौथीत असताना. तेव्हा हत्तीवर बसवून फिरवीत. माकडांना शेंगा टाकायच्या आणि त्यांची झोंबाझोंबी पाहायची, यात आम्हाला कोण आनंद वाटे! वाघ मात्र लोखंडी गजांच्या आत या टोकाकडून त्या टोकाकडे सारख्या येरझाऱ्या घालीत होता. मी वडिलांना विचारले, "हा थांबत का नाही?" वडील म्हणाले, "जागा नाही रे त्याला." पन्नास वर्षांनी ते वाक्य मला पुन्हा आठवले, कारण या खेपेला बागेत सगळा प्रश्न जागेचाच होता.

आधी बागेची थोडी कुळकथा सांगतो, कारण ती आपल्या शेतकऱ्यांच्या जवळची आहे. ही बाग मुळात जनावरांची नव्हे, झाडांची. १८६२ मध्ये ती लोकांना खुली झाली, तेव्हा तिची व्यवस्था शेती आणि बागायतीच्या सुधारणेसाठी काढलेल्या एका संस्थेकडे होती. पुढे ती मुंबई महापालिकेकडे आली आणि १८९० च्या सुमारास जागा वाढवून तिथे प्राणी ठेवण्यात आले. पूर्वीचे नाव व्हिक्टोरिया गार्डन, म्हणून लोकांच्या तोंडी राणीची बाग. आता तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. आत गेल्यावर पिंजऱ्यांकडे धावण्याआधी गोरखचिंचेचा तो अवाढव्य बुंधा पाहा, कैलासपती पाहा. जुनी, परदेशातून आणून लावलेली कितीतरी झाडे तिथे आहेत. २००७ च्या सुमारास बागेच्या नूतनीकरणाचा मोठा बेत निघाला, तेव्हा "झाडांचे काय?" म्हणून मुंबईतले नागरिक उभे राहिले आणि तो बेत बदलावा लागला. झाडासाठी भांडणारी माणसे शहरातही आहेत, हे आपण लक्षात ठेवावे.

आता बदल काय झाले ते ऐका. मधल्या काळात बागेला उतरती कळा लागली होती. वाघ-सिंह म्हातारे होऊन गेले आणि पिंजरे रिकामे राहिले. मग २०१६ च्या जुलैत दक्षिण कोरियातून आठ पेंग्विन पक्षी आणले. बाजारातून नवी गाय आणली की जाणता शेतकरी तिला काही दिवस वेगळी बांधतो, एकदम गोठ्यात घालीत नाही. तसेच या पक्ष्यांनाही वेगळे ठेवले होते. त्यांतला एक ऑक्टोबरात दगावला आणि वर्तमानपत्रांतून बरीच टीका झाली. बाकीचे मार्च २०१७ पासून लोकांना पाहायला मिळू लागले. पुढे त्यांची पिल्लेही इथेच जन्मली आणि वाढली.

पेंग्विन म्हणजे बर्फातला पक्षी, अशी आपली समजूत. पण हे पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे. तिथे बर्फ नसतो, पण समुद्राचा प्रवाह थंड असतो. म्हणून मुंबईत त्यांना काचेच्या आड, सोळा-अठरा अंशांच्या गारव्यात ठेवावे लागते. आमचा धाकटा काचेला नाक लावून उभा राहिला तो हलेना. पाण्यात सूर मारणारा पेंग्विन पाहून तो म्हणाला, "काका, हा पाण्यात उडतोय!" खरेच आहे ते. त्याचे पंख हवेत उडायच्या कामाचे नाहीत, पाण्यात वल्ह्यासारखे चालतात.

२०२० मध्ये पक्ष्यांसाठी एक भला मोठा जाळीचा मांडव खुला झाला. त्यात आपण माणसे आत शिरतो आणि पक्षी आपल्या डोक्यावरून उडतात. त्याच वर्षी वाघाची जोडी आली, तीही आपल्या मराठवाड्यातून, आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या शहराच्या सिद्धार्थ उद्यानातून. गजांच्या जागी आता मोकळे आवार आहे, पाण्याचे टाके आहे, झाडे-झुडपे आहेत, आणि बघायला जाड काच आहे.

या प्राणिबागा एकमेकींशी जनावरांची देवघेव करतात. आपल्याकडे बैलांचा पैरा असतो ना, तुझा एक माझा एक, तसाच हा प्रकार. यात नुसती सोय नाही. एकच बोकड एकाच कळपात वर्षानुवर्षे ठेवला तर करडे निकस निपजतात, हे धनगराच्या पोरालाही ठाऊक असते. वाघाचेही तसेच. रक्त बदलावे लागते. या सगळ्यावर देखरेख करायला केंद्र सरकारने १९९२ मध्ये एक प्राधिकरण नेमले. कोणत्या जनावराला किती जागा द्यायची, रात्रीचा निवारा कसा असावा, डॉक्टर असावा की नाही, हे त्याच्या नियमांनी ठरते. याच प्राधिकरणाने २००९ मध्ये ठरवले की हत्ती प्राणिबागांत ठेवू नयेत. दिवसभर मैलोगणती चालणारे जनावर ते. त्याला साखळीला बांधून पोरांना पाठीवर बसवायचे, यात आम्हाला लहानपणी मौज वाटली, पण हत्तीला काय वाटत होते हे आम्ही विचारले नव्हते.

आता लोक काय म्हणतात तेही सांगतो. मला माणसांशी बोलायची खोड आहे आणि बागेतल्या बाकावर माणसे मोकळी बोलतात.

वाघाच्या काचेपाशी सातारकडचे एक आजोबा नातवाला घेऊन ताटकळले होते. चिडून म्हणाले, "पूर्वी आलो तेव्हा वाघ दहा पावलांवर दिसला. आता तासभर झाला, नुसती शेपटी दिसली झुडपात. मग पैसे कशाचे घेतात?"

झाडाखाली भाकरी सोडून बसलेला एक गवंडी भेटला. मूळचा बीडकडचा, पोटासाठी मुंबईत आलेला. तो म्हणाला, "पाच रुपये होते तेव्हा दर रविवारी यायचो. जनावरं बघायला कोण येतंय रोज! सावली असते, पोरं हुंदडतात, म्हणून यायचो. आता महिन्या-दोन महिन्यांतून." त्याचे म्हणणे खोटे नव्हे. १ ऑगस्ट २०१७ पासून मोठ्या माणसाचे तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झाले. आई, बाप आणि दोन मुले अशा चौघांना मिळून शंभर रुपये ठेवले, ही त्यातली सवलत.

कॉलेजात जाणारी एक मुलगी मात्र वेगळेच बोलली. "काच लावा नाहीतर गज लावा, कैद ती कैदच. या बागा बंदच केल्या पाहिजेत."

आणि बिबट्याच्या आवारापुढे जुन्नरकडच्या एक बाई उभ्या होत्या. बाकीची पोरे टाळ्या पिटीत होती, ओरडत होती. त्या गप्प होत्या. आमच्या भावजयीने विचारले, "ताई, पहिल्यांदाच बघताय का?" त्या म्हणाल्या, "नाही गं बाई. आमच्या उसात राहतो तो. दोन शेळ्या नेल्यात माझ्या. रात्री मोटर चालू करायला मालक जातात तेव्हा मी कंदील घेऊन दारात बसते." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण इथं बसलेला बघितला की जीव कळवळतो. त्यानं तरी जावं कुठं?"

मंडळी, या चौघांचेही मला पटले आणि चौघांचेही पुरते पटले नाही.

आजोबांना मी म्हटले, "आजोबा, तुमची गाय व्यायली की तुम्ही आळीतली सगळी माणसे गोठ्यात बोलावता का?" ते हसले. भर दुपारी वाघाने सावलीत पडून राहावे, हा त्याचा स्वभाव आहे. तो दिसत नाही याचा अर्थ त्याला लपायला जागा मिळाली. पूर्वी तो दिसत होता, कारण लपायला जागाच नव्हती. वाघ पाहायचा तर बाग उघडताच जावे किंवा ऊन उतरल्यावर, आणि गप्प उभे राहावे.

गवंड्याच्या बोलण्यावर मात्र माझ्यापाशी उत्तर नाही. जनावरांना चांगले ठेवायचे तर खर्च येणार, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पेंडीचे भाव आपणच मोजतो. पण राबणाऱ्या माणसाला रविवारची सावली महाग होऊ नये. जनावरे पाहण्याचे तिकीट वेगळे ठेवावे आणि झाडाखाली बसण्याचे पैसे थोडके असावेत, असे माझे मत आहे. तुमचे काय, ते कळवा.

त्या मुलीला मी एवढेच म्हणेन की बाळ, तुझा कळवळा खरा आहे. पण पिंजऱ्यात जन्मलेला वाघ रानात सोडला तर त्याला शिकार येत नाही. आणि सोडायचे कुठे? जुन्नरच्या ताईंना विचार. त्यांच्या भागात पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र काढावे लागले. रान तुटले, ऊस वाढला, आणि बिबट्याने उसालाच रान मानले. आजच्या घडीला काही जनावरांना माणसाच्या सांभाळात राहणे भाग आहे. मग तो सांभाळ नीट झाला पाहिजे, एवढा आग्रह आपण धरावा.

आता आपला वाटा. बागेत मी पाहिले, शिकली-सवरलेली माणसे काचेवर थापा मारीत होती, वेफर्स टाकीत होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्राणिबागेतल्या जनावराला डिवचणे, खायला घालणे, गोंगाट करून त्रास देणे हा गुन्हा आहे. शेंगा टाकणे म्हणजे भूतदया नव्हे. दिवसात हजारो माणसांनी मूठ मूठ टाकली तर जनावराच्या पोटाचे काय होईल? हरभऱ्यात शिरलेल्या बैलाचे काय होते ते आपण जाणतोच.

जाणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बुधवारी बाग बंद असते, तो वार टाळा. तिकिटाचे दर निघण्याआधी मुंबईच्या पाहुण्यांकडून विचारून घ्या. आणि आवारालगतच डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आहे, तेही मुलांना दाखवा. घारापुरीला ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव दिले, तो हत्ती तिथे बाहेर उभा आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. सांगायला संकोच वाटतो, पण तुमच्यापासून काय लपवायचे?

आमच्या सोप्यात आढ्याला एक पिंजरा टांगलेला असे. त्यात राघू. सहा वर्षांपूर्वी वादळात झाड पडले तेव्हा पिल्लू सापडले होते, ते आम्ही हौसेने वाढवले. "राम राम" म्हणायचा, आल्यागेल्याला कौतुक. मुंबईहून परतलो त्या संध्याकाळी थोरली पुतणी पिंजऱ्याखाली उभी राहिली. पट्टी आणून तिने पिंजरा मोजला. मग मला म्हणाली, "काका, हा पंख पसरू शकत नाही. दीड वीत जागा आहे. राणीच्या बागेत असा ठेवला असता तर चालला असता का?"

मी दर आठवड्याला तुम्हाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारा माणूस. पोरीला काय सांगू? आपल्याकडचा राघू पिंजऱ्यात पाळणे त्याच १९७२ च्या कायद्याने मना आहे, हे मला ठाऊक होते. गावात दहा घरी आहे म्हणून आमच्याही घरी होते, एवढेच.

पिंजऱ्याचे दार उघडून द्यावे असे भावाच्या मनात आले. पण इतकी वर्षे हातावर खाल्लेला पक्षी बाहेर पडला तर मांजराच्या तोंडी जायचा. म्हणून आम्ही आमच्या भागातल्या वनरक्षकाला बोलावले आणि खरी हकीकत सांगितली. तो पिंजरा घेऊन गेला. म्हणाला, आधी पंखात बळ येईल अशा मोठ्या जागेत ठेवतील, मग सोडता येतो का ते पाहतील. आमच्या आईने दोन दिवस धड जेवण केले नाही. अजूनही संध्याकाळी तिची नजर आढ्याकडे जाते.

तुमच्या सोप्यात असा पिंजरा असेल, तर एकदा पट्टी घेऊन मोजून पाहा. आणि काय केलेत ते मला पत्राने कळवा.

पुढच्या आठवड्यात भेटूच. राम राम.