पणजीचा खरा वारसा

पणजीचा वारसा म्हटले की फोंतेन्यास या जुन्या वस्तीच्या रंगीत भिंती दाखवल्या जातात. आमच्या मते तो पाण्यापासून मोजायला हवा. रोगराईने जुने गोवे ओस पडले, मांडवीकाठची दलदल बुजवून पणजी वसवली गेली आणि 1843 मध्ये राजधानी झाली. मात्र त्याआधीच, सतराव्या शतकात, रायबंदरकडे बांधलेल्या लांबलचक दगडी बांधाला पोर्तुगीजांनी कमानी ठेवल्या, कारण भरती-ओहोटीच्या पाण्याला वाट हवी असते. शहर वाढायचे तर भराव घालावाच लागेल, हा आक्षेप पोकळ नाही, पणजी स्वतःच भरावावर उभी आहे. पण पाण्याला वाट ठेवणारा भराव वेगळा आणि शहरातल्या सांत इनेजच्या ओहोळाचे गटार करणारी बांधकामे वेगळी. वारशाचा निधी आधी त्या ओहोळावर खर्च व्हावा, भिंतींचा रंग थांबू शकतो.