रजिस्टरात न सापडणारं गाव

हत्तीरोगाच्या तपासणीसाठी आरोग्य कर्मचारी रात्रीच का येतात, असा प्रश्न कधी पडलाय? लोक जेवून आडवे व्हायच्या बेतात असतात आणि हे दारात बोटाला सुई टोचायला उभे. कुणी म्हणतं, ‘सकाळी या ना!’ पण सकाळी येऊन उपयोग नसतो. या रोगाचे सूक्ष्म जंत दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री अंगभर रक्तात फिरतात. दिवसाच्या नमुन्यात बहुतेक वेळा काहीच सापडत नाही.

गावाच्या आरोग्याचंही तसंच आहे. आपल्या सोयीच्या वेळी, सोयीच्या ठिकाणी मोजलं, तर गाव ठणठणीतच दिसणार.

दिघोरीसारख्या गावाला कोणती आरोग्यसेवा हवी, हे ठरतं कसं? मुख्यतः डोकी मोजून. सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ५ हजारांमागे एक उपकेंद्र, साधारण हजारामागे एक आशाताई. हिशोब सोपा आहे, पण पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या गावाला तोच आणि आपल्या धानाच्या गावालाही तोच. रोवणीत दिवसभर वाकून धरलेली कंबर, पायाच्या चिखल्या, बांधावरचा साप, हत्तीरोग, पूर्व विदर्भातला सिकलसेल, हे सगळं त्या हिशोबात कुठं बसतं?

दुसरं मोजमाप म्हणजे दवाखान्याचं रजिस्टर. त्यात कोण असतं? जो आला तो. रोजी बुडेल म्हणून जी बाई आलीच नाही, तिची नोंद कुठंच नाही.

हे नुसतं बोलणं नाही. वैनगंगेपलीकडच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दवाखान्यातल्या नोंदींवर विसंबून राहिलं असतं, तर या गावांत फारसा प्रश्न नाही असंच कुणालाही वाटलं असतं. तिथं जाऊन विचारलं, तपासलं, म्हणून कळलं.

आता थोडं आपल्याबद्दल. एनएसएसच्या शिबिरात आपल्यापैकी अनेकांनी गावाचं सर्वेक्षण केलंय. मीही केलं. ‘घरात शौचालय आहे का?’ आहे. बरोबरची खूण. त्याला पाणी आहे का, म्हातारी आजी तिथवर जाऊ शकते का, हे फॉर्मवर नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही. भरलेले फॉर्म शेवटच्या दिवशी गठ्ठा बांधून कपाटात गेले. ज्यांनी कामं सोडून उत्तरं दिली, त्यांना त्यातलं एक अक्षरही परत ऐकायला मिळालं नाही. याची मला आजही लाज वाटते.

खरी गोम इथंच आहे. आशाताई वर्षभर फॉर्म भरत असतात. क्षयरोगाचा वेगळा, कुष्ठरोगाचा वेगळा, गरोदर मातांचा वेगळा. माहिती तालुक्याला जाते, जिल्ह्याला जाते. गावाला ती एकत्र करून कोण सांगतं?

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. वर्षातून एकदा गावाच्या आरोग्याचा हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवावा. कुणाचंही नाव न घेता फक्त तीन गोष्टी सांगाव्यात. यंदा कोणते आजार जास्त आढळले? कोणत्या महिन्यांत? आणि कोणत्या टोलीतले, कोणत्या कामातले लोक दवाखान्यापर्यंत पोहोचलेच नाहीत? त्यावरून गावाच्या विकास आराखड्यात आरोग्याचा पैसा कुठं लावायचा ते ठरावं. डासांमुळे हत्तीरोग पसरत असेल, तर आधी नाल्या उपसायच्या की प्रवेशद्वार बांधायचं, हे मग गावच ठरवेल.

यासाठी नवा कायदा नको. गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. म्हणजे अठरा पूर्ण झालेले तुम्हीसुद्धा!

पुढच्या शिबिरात फॉर्म हातात आला की एक प्रश्न आपल्या मनानं वाढवा : ‘मागच्या वर्षी आजारी असूनही दवाखान्यात गेला नाहीत, असं कधी झालं? का?’ संध्याकाळी जा, माणसं शेतातून परतल्यावर. आणि निघण्याआधी आलेली उत्तरं चावडीवर वाचून दाखवा. कपाटं आधीच भरलेली आहेत.