स्त्री-जगत : घमेल्याकडून ओळंब्याकडे

इमारत उभी राहत असताना तिच्याभोवती जी माणसे राबतात, त्यांत स्त्रिया नसतात असे कोणी म्हणणार नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेले आणि पायांखाली परांचीची हलती फळी, हे दृश्य आपल्या देशाच्या बहुतेक भागांत नित्याचे आहे. वाळू चाळणे, विटा वाहणे, नव्या भिंतीवर पाणी मारणे ही कामे पिढ्यान् पिढ्या बायकांचीच मानली गेली. भिंत सरळ आहे की नाही हे दाखविणारा ओळंबा, कोपरा काटकोनात आहे की नाही हे सांगणारा गुण्या आणि पातळी जोखणारी पाणसळ ही साधने मात्र त्यांच्या हाती क्वचितच आली. वस्तुतः बांधकामातील अधिकार या साधनांतच साठविलेला असतो. ज्याच्या हाती ओळंबा, त्यालाच ‘ही भिंत उतरवा आणि पुन्हा बांधा’ असे म्हणता येते. बांधकामातील स्त्रीनेतृत्वाचा प्रश्न म्हणजे मुळात हा शब्द उच्चारण्याचा हक्क कोणाला मिळतो, हा प्रश्न होय.

हा हक्क स्त्रियांना पेलत नाही, असे म्हणण्यास आता जागा उरलेली नाही. मद्रासजवळच्या गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाने 1940 च्या सुमारास मुलींना प्रथम प्रवेश दिला. ए. ललिता, पी. के. थ्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज या तेथील पहिल्या विद्यार्थिनी. त्यांच्या पदवीपत्रांवर पुरुषवाचक सर्वनाम आधीच छापलेले होते. ते खोडून हाताने ‘ती’ असे करावे लागले, असे सांगतात. स्त्री या दारातून आत येईल, ही कल्पनाच तोवर कोणी केलेली नव्हती, याची ती साक्षच म्हणावयाची. यांपैकी थ्रेसिया यांनी स्थापत्यशास्त्र घेतले, सरकारी नोकरीत एकेक पायरी चढत त्या पुढे गेल्या आणि 1971 साली केरळ राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. आपल्या देशात या पदावर पोहोचलेल्या त्या पहिल्या स्त्री. रस्ते, पूल आणि सरकारी इमारती यांच्या नकाशांवर शेवटची सही त्यांची असे. सही करणारा त्या कामाच्या बऱ्यावाईटाला बांधलेला असतो. मान आणि जोखीम या दोन्ही गोष्टी तिच्यात एकत्र येतात.

मुंबईच्या शकुंतला भगत यांची वाट निराळी होती. वडील एस. बी. जोशी हे पूलबांधणीतील नामांकित अभियंते. शकुंतलाबाईंनी 1953 साली मुंबईच्या व्हीजेटीआय संस्थेतून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पुढील शिक्षण घेतले आणि मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केले. 1970 साली पती अनिरुद्ध भगत यांच्यासह त्यांनी ‘क्वाड्रिकॉन’ नावाची स्वतःची संस्था काढली. पोलादाचे ठरावीक मापाचे भाग कारखान्यात तयार करावयाचे आणि ते जागेवर नेऊन, नदीच्या रुंदीप्रमाणे कमीअधिक जोडून पूल उभा करावयाचा, अशी त्यांची पद्धत. जेथे अवजड यंत्रे पोहोचू शकत नाहीत आणि कामाचा मोसम चारदोन महिन्यांचाच असतो, अशा डोंगराळ मुलखाला ती विशेष सोयीची. 1972 साली हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या खोऱ्यात या पद्धतीचे पहिले पूल उभे राहिले. नवीन कल्पनेवर पैसा लावावयास सहसा कोणी धजत नाही. तो धोका स्वतःच्या शिरावर घेणे हेही नेतृत्वच.

आजचे उदाहरणही डोळ्यांसमोर आहे. जम्मू-काश्मीरमधील चिनाब नदीवरचा रेल्वेपूल 6 जून 2025 रोजी वाहतुकीस खुला झाला. नदीपात्रापासून 359 मीटर उंच आणि 1,315 मीटर लांब असलेल्या या पुलाचा भार ज्या डोंगरउतारांवर आहे, त्यांच्या स्थैर्याबाबत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक जी. माधवी लता यांनी सुमारे 17 वर्षे सल्ला दिला. खडक उघडा पडल्यावर आत भेगा आणि पोकळ्या निघतात. कागदावरचा आराखडा तेथे पुरत नाही. डोंगर जसजसा कळत जाईल, तसतसा आराखडा बदलावा लागतो. असे निर्णय जागेवर घ्यावे लागतात आणि ते बजावणाऱ्याचा शब्द साऱ्या कामगारवर्गाने मानावा लागतो. सीमा सडक संघटनेनेही 2021 साली वैशाली हिवसे या अभियंता अधिकाऱ्यांकडे रस्तेबांधणीच्या एका तुकडीची सूत्रे सोपविली. चीनच्या सीमेला जोडणाऱ्या मार्गावरील अशा तुकडीच्या प्रमुखपदी स्त्री येण्याची ती पहिलीच वेळ. त्या वर्ध्याच्या, हे मराठी वाचकांना आवडेल.

तथापि एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. मुख्य अभियंता आणि प्राध्यापक यांच्या शिडीची पहिली पायरी महाविद्यालयात असते. घमेले वाहणाऱ्या बाईची शिडी कोठे आहे? बिगारी म्हणून कामाला लागलेला मुलगा काही वर्षांत थापी हाती घेतो, गवंडी होतो, पुढे मुकादम आणि कदाचित ठेकेदारही. त्याच्या शेजारी घमेले उचलणारी त्याची बहीण वयाच्या पन्नाशीतही घमेलेच उचलते. पुष्कळ ठिकाणी तिची मजुरीदेखील नवऱ्याच्या मजुरीत मिळवून त्याच्याच हाती पडते. बुद्धीचा येथे संबंध नाही. शिकविले कोणी नाही, हेच खरे कारण.

शिकविले की काय होते, तेही आपण पाहिले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांना भूकंपाने हादरविले. दगडमातीच्या जाड भिंती कोसळून हजारो माणसे गाडली गेली. पुढे घरदुरुस्तीच्या योजनेत ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया पुढे आल्या. भिंत कशाने फुटते आणि कशाने टिकते हे त्यांनी समजून घेतले, शेजारणींना समजावून दिले आणि चाललेल्या कामावर लक्ष ठेवले. ज्या घराखाली आपली माणसे गेली, ते पुन्हा कसे बांधले जात आहे हे विचारण्याचा अधिकार त्यांच्याहून अधिक कोणाचा असणार? झारखंडात 2018 च्या सुमारास शौचालये बांधावयास गवंडी पुरेनात, तेव्हा हजारो ग्रामीण स्त्रियांना ते काम शिकविण्यात आले. ‘राजमिस्त्री’ या शब्दाशेजारी ‘रानी मिस्त्री’ हा नवा शब्द तेथेच रूढ झाला. केरळात कुडुंबश्रीच्या स्त्रियांचे गटही पायापासून छपरापर्यंत घरे बांधू लागले.

मग अडते कोठे? पहिली अडचण मुलाची. झाडाला झोळी बांधून, एक डोळा तिच्याकडे ठेवून जी बाई काम करते, तिला पाणसळीतला बुडबुडा पाहावयास दुसरा डोळा कोठून मिळणार? 1969 साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत राजघाटाजवळ बांधकामावरील मुलांसाठी पाळणाघर सुरू केले, ते नेमके हे ओळखून. ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था त्यातूनच वाढली. 1996 च्या कायद्याने 50 पेक्षा अधिक स्त्रिया कामावर असल्यास मुलांसाठी खोली ठेवणे आवश्यक केले. 2020 च्या श्रमसंहितेत स्त्रियांऐवजी एकूण कामगारांची संख्या धरली गेली. बदल योग्य आहे, कारण मूल एकट्या आईचे नसते. परंतु खोली कागदावर असून भागत नाही. ती बांधकामाच्या आवारात असावयास हवी. दुसरी अडचण शौचालयाची आणि तिसरी सुरक्षित निवाऱ्याची. ज्या कामावर या सोयी नाहीत, तेथे अभियंता स्त्रीलाही पाय रोवणे कठीण जाते.

आपल्या वाचक कुटुंबांपैकी अनेकजण आज ना उद्या घर बांधतील किंवा दुरुस्त करून घेतील. ठेकेदाराशी बोलणी करताना सिमेंटचा भाव आपण आवर्जून विचारतो. त्याच बैठकीत आणखी दोन प्रश्न विचारावेत. कामावरच्या बायांची मजुरी त्यांच्याच हाती पडते काय? आणि त्यांच्यापैकी कोणाला गवंडीकाम शिकावयाचे असल्यास तुमचा गवंडी शिकवील काय? घरातील मुलगी तंत्रनिकेतनात स्थापत्याला जाऊ म्हणत असेल, तर उन्हातान्हाचे काम म्हणून तिला परावृत्त करू नये. तेच ऊन डोक्यावर घेऊन कित्येक बायका शतकानुशतके आपली घरे बांधीत आल्या आहेत. आणि चौकटी बसण्यापूर्वी गृहिणीने स्वतः एकदा ओळंबा मागून घ्यावा, दोरी भिंतीच्या माथ्याशी धरावी आणि गोळा स्थिर होईपर्यंत थांबावे. भिंत तिरपी असेल, तर तसे स्पष्ट सांगावे.